वाऱ्यातला वाटा

युटलंडच्या पूर्वेला, काटेगाट समुद्रात, साम्सो नावाचे ११४ चौरस किलोमीटरचे डॅनिश बेट आहे. वस्ती चार हजारांच्या आत-बाहेर. डेन्मार्कमध्ये हे बेट ओळखले जाते ते त्याच्या नव्या बटाट्यांमुळे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इथला कत्तलखाना बंद पडला आणि जवळपास १०० नोकऱ्या एका फटक्यात गेल्या. एवढ्याशा बेटावर १०० नोकऱ्या म्हणजे जवळजवळ प्रत्येक घराला झळ. शिकायला मुख्य भूमीवर गेलेली मुले परत येत नव्हती. वीज समुद्राखालच्या तारेतून यायची आणि ती बहुतांशी कोळशावर तयार झालेली असायची. थंडीत घरे गरम ठेवायचे तेल बोटीने यायचे. बेटावर पिकलेल्या बटाट्यांचा बराचसा पैसा असा वीज आणि तेलाच्या बिलांतून बेटाबाहेर जात होता.

१९९७ मध्ये डेन्मार्क सरकारने एक स्पर्धा जाहीर केली. दहा वर्षांत आपली सगळी ऊर्जा वारा, सूर्य, पेंढा, लाकूड अशा अक्षय स्रोतांतून मिळवण्याचा पटण्याजोगा आराखडा जे बेट देईल, ते ‘अक्षय ऊर्जा बेट’ ठरणार होते. साम्सोचा आराखडा एका अभियंत्याने महापौरांशी बोलून तयार केला. हा अभियंता बेटावर राहणाराही नव्हता. आराखडा निवडला गेला तेव्हा बेटावरच्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नव्हता. बक्षीस म्हणून रोख रक्कम नव्हती, कारखाना नव्हता, खास करसवलतही नव्हती. होते ते नाव आणि कामाला लागण्याची मुभा.

पुढे जे घडले ते शेतकऱ्यांच्या बैठकीत घडले, आणि म्हणूनच हे बेट मला महत्त्वाचे वाटते. सोरेन हर्मनसन हा तिथल्याच शेतकरी घरातला, शाळेत पर्यावरण शिकवणारा माणूस या कामाचा पहिला पगारी कार्यकर्ता झाला. गावात कुठल्याही कारणाने सभा असली की तो जायचा आणि ऊर्जेचा विषय काढायचा. सुरुवातीला लोक ऐकून घ्यायचे आणि घरी जायचे. हळूहळू त्याच्या लक्षात आले की हवामानबदलावर भाषण देऊन कोणी पैसे गुंतवत नाही. चार जण ज्यांचे ऐकतात अशा शेतकऱ्याने, प्लंबरने, वेल्डरने आधी हिशोब समजून घेतला की बाकीचे मागे येतात. पेंढा जाळून तयार केलेले गरम पाणी नळांतून घरोघर न्यायचे, तर ते नळ बसवणार कोण? गावातलाच प्लंबर. मग तो या योजनेचा विरोधक कशाला होईल? जगभरच्या व्यासपीठांवर हर्मनसन पुढे हेच सांगत आला आहे: ज्याचा वाटा आहे त्याला पवनचक्की अधिक देखणी दिसते आणि तिचा आवाजही गोड लागतो.

२००० साली बेटाच्या जमिनीवर प्रत्येकी १ मेगावॉटच्या ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. एकेकीची किंमत साधारण साडेआठ लाख डॉलर. त्यांपैकी ९ शेतकऱ्यांनी आणि स्थानिकांनी घेतल्या, कोणी एकट्याने, कोणी भागीदारीत. उरलेल्या २ शेकडो लहान भागधारकांच्या. या ११ चक्क्यांनी बेटाची वर्षभराची विजेची गरज भागली. पण मोटारी, ट्रॅक्टर आणि फेरीबोटी तेलावरच चालत होत्या. तेवढ्याच ऊर्जेची परतफेड करायची म्हणून २००२-०३ मध्ये बेटाच्या दक्षिणेला समुद्रात प्रत्येकी २.३ मेगावॉटच्या आणखी १० चक्क्या बसवल्या गेल्या. यातली एकेक सुमारे ३० लाख डॉलरची. हे पैसे एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले नव्हते. त्यामुळे ५ चक्क्या बेटाच्या नगरपालिकेने घेतल्या, ३ खासगी गुंतवणूकदारांनी आणि २ पुन्हा लहान भागधारकांनी.

नगरपालिकेच्या या ५ चक्क्यांकडे मला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. भाग विकत घ्या म्हटले की ज्याच्या हातात महिन्याअखेरीला काही उरते तोच घेणार. भाड्याच्या घरात राहणारी विधवा, नोकरी गेलेला खाटीक यांनी काय घ्यावे? स्थानिक गुंतवणुकीच्या कल्पनेवरचा हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि तो खरा आहे. नगरपालिका स्वतः मालक झाली की ज्यांनी एकही भाग घेतला नाही, त्यांचाही त्या मिळकतीवर थोडा हक्क तयार होतो. आक्षेप त्याने पूर्ण मिटत नाही, पण त्याचे वजन निम्म्यावर येते.

आता प्रश्न असा, की बटाट्याच्या शेतकऱ्याला बँकेने एवढे कर्ज दिले कसे? त्याचे उत्तर बेटावर नव्हते, कोपनहेगनच्या संसदेत होते. कायद्याने वीज कंपन्यांवर दोन बंधने होती. पवनचक्कीला जाळ्याशी जोडणी द्यायची आणि तिची वीज ठरलेल्या दराने दहा वर्षे घ्यायची. वारा वर्षाला साधारण किती वाहतो याच्या नोंदी होत्या, दर कागदावर होता. दोन्हींचा गुणाकार केला की कर्ज साधारण कधी फिटेल ते बँकेच्या शाखाधिकाऱ्याला दिसत होते. आपल्याकडे उसाच्या पिकावर कर्ज सहज मिळते आणि भाजीवर तितके सहज मिळत नाही, त्यामागे हेच कारण असते: उसाला कारखाना ठरलेला आहे, भाव जाहीर होतो. समाजाच्या मालकीची ऊर्जा म्हटले की आपण लोकांच्या उत्साहाबद्दल बोलतो. उत्साह हवाच, पण ठरलेल्या दराचा करार हातात नसता तर साम्सोवर फार तर दोन-तीन हौशी चक्क्या फिरल्या असत्या.

डेन्मार्कने हे एका दिवसात शोधलेले नाही. १८८२ मध्ये पश्चिम युटलंडमधल्या येडिंग या गावात शेतकऱ्यांनी पहिली सहकारी दूधडेअरी काढली. नियम असा होता की नफा ज्याच्या त्याच्या दुधाप्रमाणे, पण मत माणशी एक. गोठ्यात दोन गाई असोत की चाळीस, सभेत हात एकदाच वर करायचा. काही वर्षांतच अशा डेअऱ्या देशभर झाल्या. १८९१ मध्ये आस्कोव्हच्या लोकशाळेत पॉल ला कूर या शिक्षकाने वाऱ्यावर वीज तयार करण्याचे प्रयोग सुरू केले आणि त्याच्या हाताखाली खेड्यापाड्यांतले वीजतंत्री तयार झाले. पुढे तेल स्वस्त झाले आणि वारा मागे पडला.

१९७३ चा तेलाचा झटका आला तेव्हा डेन्मार्कची नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा आयात तेलावर अवलंबून होती. रविवारी मोटारी चालवायला बंदी आली. सरकारचा कल अणुऊर्जेकडे होता. लोकांमध्ये तिच्याविरुद्ध चळवळ उभी राहिली आणि अखेर १९८५ मध्ये संसदेने अणुऊर्जा आराखड्यातून काढून टाकली. पण नको म्हणणाऱ्यांपैकी काही जण हातात पाने-पक्कड घेऊन पर्याय तयार करायला बसले होते. क्रिस्तियान रिसागर नावाच्या सुताराने परसात चक्की उभी करून ती जाळ्याला जोडली. उल्फबोर्गजवळच्या ट्विंड शाळांमधल्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी आणि स्वयंसेवकांनी तीन वर्षे राबून १९७८ मध्ये त्या काळातली जगातली सर्वांत मोठ्यांपैकी एक पवनचक्की सुरू केली. ती आजही उभी आहे. लवकरच दहा-वीस शेजारी एकत्र येऊन एक चक्की घेऊ लागले. अशा मंडळांची संख्या इतकी वाढली की २००० च्या आसपास सुमारे दीड लाख डॅनिश कुटुंबांचा कुठल्या ना कुठल्या पवनचक्कीत वाटा होता. देशाची लोकसंख्या तेव्हा त्रेपन्न लाखांच्या घरात होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो.

या वाट्याचे माप मोठे हुशारीने ठरवले होते. एक वाटा म्हणजे वर्षाला १,००० युनिट वीज. चार माणसांच्या घराला वर्षाला चारेक हजार युनिट लागत असतील, तर चार वाटे घ्यायचे. पैशांत मोजायचे ते नंतर. आधी प्रत्येकाने आपल्या वीजबिलाकडे पाहून आपला वाटा ठरवायचा. सुरुवातीच्या नियमांत घराच्या वापरापेक्षा फार जास्त वाटे घेता येत नसत आणि चक्कीच्या परिसरात राहत असल्याशिवाय एकही वाटा मिळत नसे. कोपनहेगनमधल्या धनिकाने युटलंडच्या टेकडीवरचा वारा घाऊक विकत घेऊ नये, ही त्यामागची काळजी होती. लहान वाटेदाराच्या मिळकतीचा काही भाग करमुक्त होता.

राजधानीच्या दारात उभी असलेली मिडेलग्रुन्देनची पवनचक्क्यांची रांग हे या पद्धतीचे सर्वांत मोठे रूप. कोपनहेगन बंदरापासून साडेतीन किलोमीटरवर समुद्रात उथळ जागा आहे. शहराने तिथे सुमारे दोनशे वर्षे बंदरातला गाळ टाकला होता. १९९० च्या दशकात काही नागरिकांनी तिथे पवनचक्क्यांचा प्रस्ताव आणला. पहिल्या आराखड्यात २७ चक्क्या तीन रांगांत होत्या. जनसुनावणीत लोकांनी तक्रार केली की समुद्राकडे पाहिले की जंगलच दिसेल. मग आराखडा बदलला: २० चक्क्या, एकच रांग आणि तीही किंचित वाकलेली, शहराभोवतीच्या जुन्या तटबंदीच्या वळणाशी जुळणारी. गाळातले विषारी धातू पायाच्या खोदकामात ढवळून निघतील ही भीतीही पुढे आली आणि तिचा तपास करावा लागला. परवानग्यांना वर्षे लागली. आधीपासून थोडे पैसे भरून नाव नोंदवलेले हजारो लोक मागे होते, म्हणून कार्यकर्ते टिकले. कुठल्याही खात्यात गेले तरी त्यांना सांगता येत होते की आमच्यामागे एवढी घरे आहेत.

२००० च्या अखेरीस चक्क्या फिरू लागल्या. प्रत्येकी २ मेगावॉट, एकूण ४०. निम्म्या शहराच्या वीज कंपनीच्या आणि निम्म्या नागरिकांच्या सहकारी मंडळाच्या. मंडळाचे ४०,५०० वाटे होते, एकेकाची किंमत ४,२५० क्रोनर, म्हणजे एकूण १७ कोटी २१ लाख क्रोनर. ते साडेआठ हजारांहून अधिक लोकांनी भरले. सभेत मत, डेअरीसारखेच, माणशी एक.

मंडळाच्या घटनेतले एक कलम मला फार शहाणपणाचे वाटते. ही मंडळे कायद्याने भागीदारी स्वरूपाची होती. भागीदारीवर वेगळा कंपनीकर लागत नाही, म्हणून तो प्रकार सोयीचा. पण भागीदारीत देण्याची जबाबदारी प्रत्येकाच्या डोक्यावर पूर्ण असते. एखादा वाटा घेतलेल्या शिक्षिकेला साऱ्या मंडळाच्या कर्जासाठी जबाबदार धरता येते. त्यावर तोड अशी काढली की मंडळाने स्वतःच्या नावावर कर्जच काढायचे नाही. ज्याला पैसे कमी पडतात त्याने स्वतःच्या नावावर, स्वतःचा वाटा तारण ठेवून बँकेतून घ्यावेत. मंडळावर कर्ज नाही, म्हणजे सभासदावर परक्याच्या कर्जाची टांगती तलवार नाही. आपल्याकडे बुडालेल्या किती संस्थांच्या सभासदांना असे एक कलम वाचवू शकले असते, याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

यानंतरची गोष्ट इतकी सुखाची नाही. वाटेदार जवळच राहणारा असावा ही अट टप्प्याटप्प्याने सैल होत गेली. २००१ मध्ये आलेल्या नव्या सरकारने पवनऊर्जेचा आधार कमी केला, ठरलेल्या दराच्या जागी बाजारभाव आला. त्याच वेळी चक्क्या मोठ्या झाल्या. शेजाऱ्यांच्या लहान चक्क्या काढून त्या जागी कंपन्यांच्या उंच चक्क्या येऊ लागल्या, आणि मंडळांना भावाची जोखीम आणि मोठे भांडवल एकाच वेळी पेलणे कठीण झाले. अनेक मंडळांनी आपला हिस्सा विकून टाकला. मग ज्या देशात पवनचक्कीला क्वचितच कोणी हरकत घेत असे, तिथे गावोगाव विरोध समित्या निघाल्या. चक्की तीच, वारा तोच, सावली आणि आवाज मात्र आता दुसऱ्याच्या नफ्यासाठी सोसायचा होता. हे सरकारच्याही ध्यानात आले. २००९ पासून लागू झालेल्या कायद्याने नव्या चक्कीच्या प्रत्येक मालकावर बंधन घातले की किमान २० टक्के वाटे साडेचार किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना आधी देऊ करायचे. एकदा हातातून गेलेली मालकी नियमाने परत आणणे सोपे नसते. पुढे हा नियमही बदलला गेला.

जर्मनीतल्या शोनाउची वाट याहून वेगळी. ब्लॅक फॉरेस्टमधले हे अडीच हजार वस्तीचे गाव. १९८६ मध्ये चेर्नोबिलची दुर्घटना झाली आणि मुलांना दूध द्यावे की नाही या काळजीने काही पालक एकत्र आले. त्यांत शिक्षिका उर्सुला स्लाडेक आणि त्यांचे डॉक्टर पती मिखाएल होते. सुरुवात वीजबचतीपासून झाली. अणुवीज विकणारी स्थानिक कंपनी दाद देईना, तेव्हा त्यांनी ठरवले की गावाचे वीजजाळेच विकत घ्यायचे. १९९१ आणि १९९६ अशी दोनदा गावात सार्वमताची वेळ आली आणि दोन्ही वेळा पालक जिंकले. कंपनीने जाळ्याची किंमत ८७ लाख मार्क सांगितली. पैसे गावातून आणि देशभरातल्या लहान देणगीदार-गुंतवणूकदारांकडून उभे राहिले, मागणी खाली आली आणि १९९७ च्या जुलैत जाळे गावकऱ्यांच्या कंपनीच्या ताब्यात आले. २०११ मध्ये उर्सुला स्लाडेक यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. साम्सोने चक्क्या घेतल्या, शोनाउने तारा घेतल्या. तारा घेणे अधिक अवघड असते, कारण तिथे रोज ग्राहक सांभाळावा लागतो.

महाराष्ट्राने तारा सांभाळण्याचा प्रयोग केलेला आहे. मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने नगर जिल्ह्यातल्या पावणेदोनशेहून अधिक गावांना सुमारे चार दशके वीज वाटली. संस्था स्वतः वीज तयार करत नव्हती, राज्य वीज मंडळाकडून घेऊन विकत होती. शेतीपंपांची वसुली आणि खरेदीचा दर यांचा मेळ बसला नाही, देणे साचत गेले आणि २०११ मध्ये परवाना संपल्यावर तो भाग महावितरणकडे गेला. सहकार बुडतो असे या उदाहरणावरून म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला त्यातून दिसते ते इतकेच, की ज्या संस्थेच्या हातात ना खरेदीचा दर आहे ना विक्रीचा, तिच्या नावात सहकार असला तरी तिचा हिशोब दुसरेच कोणीतरी लिहीत असते.

वाऱ्याच्या बाबतीत आपली वाट सुरुवातीपासून निराळी झाली. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातल्या वनकुसवडे पठारावर १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या आल्या, पुढे धुळ्यात साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलजवळ आल्या. देशात त्या काळी पवनचक्की घेणाऱ्यांना पहिल्याच वर्षी मोठा घसारा दाखवून करात सूट मिळत होती. त्यामुळे त्या घेतल्या प्रामुख्याने नफ्यावर कर वाचवू पाहणाऱ्या कंपन्यांनी. पठारावरच्या शेतकऱ्याला मिळाले ते जमिनीचे एकरकमी पैसे आणि फार तर रखवालदाराची नोकरी. करसवलत मिळते ती मोठा कर भरणाऱ्याला, ठरलेला दर मिळतो तो वीज तयार करणाऱ्या कोणालाही. एकाच वाऱ्यावर दोन देशांत दोन प्रकारचे मालक तयार झाले, त्याचे बरेचसे कारण एवढ्या फरकात आहे.

त्याच पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीत आता वेगळे चित्र आहे. सुमारे शंभर घरांचे हे गाव २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम झाले. प्रत्येक घराच्या छतावर स्वतःचे पॅनेल आहे. ज्याला पक्के छत आहे त्याच्यासाठी हे उत्तम. मोठा पैसा मात्र सध्या जमिनीवरच्या सौर प्रकल्पांत आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळची जमीन भाड्याने घेतली जाते. हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडे, दरवर्षी ३ टक्के वाढ, शिवाय ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरसाल ५ लाख. कोरडवाहू माळाला हे भाडे चांगले आहे आणि शेतीपंपाला दिवसा वीज मिळणे ही तर वर्षानुवर्षांची मागणी. पण भाडे जमीनवाल्याला मिळते. प्रकल्पाचा मालक बाहेरचा असतो आणि ज्याच्याकडे त्या माळावर जमीन नाही, त्याचा प्रकल्पाशी संबंध कुंपणापुरता.

एक हिशोब मांडून पाहू. १ मेगावॉटच्या सौर प्रकल्पाला साधारण ४ कोटी रुपये लागतात असे धरू. ७० टक्के कर्ज मिळाले तर स्वतःचे भांडवल १ कोटी २० लाख. डेन्मार्कच्या २००९ च्या नियमाप्रमाणे त्यातले २० टक्के गावासाठी राखले तर होतात २४ लाख. ४०० घरांच्या गावात घरटी ६,००० रुपये. बचत गटाच्या बायका वर्षभरात याहून मोठी रक्कम फिरवतात. ज्यांना तेही जमणार नाही, त्यांच्या वतीने ग्रामपंचायतीला त्या १५ लाखांतला काही भाग इथेच गुंतवता येईल, साम्सोच्या नगरपालिकेने केले तसे. वीजखरेदीचा पंचवीस वर्षांचा करार या योजनेत आहेच, म्हणजे डॅनिश शाखाधिकाऱ्याला जो कागद लागत होता तो इथेही तयार आहे. नाही ते इतकेच: निविदेत गावाचा वाटा राखून ठेवणारे कलम, तो वाटा तारण धरणारी जिल्हा बँक, आणि माणशी एक मत व वाटेदारांच्या संस्थेच्या नावावर कर्ज नाही असे लिहिलेली, दरवर्षी ग्रामसभेत मोठ्याने वाचली जाणारी घटना.